लायसन्सवर टाच

१९९३ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात हजारो बापांच्या घरी एक सरकारी पत्र येऊन पडलं. मजकूर थोडक्यात असा: कोर्टाने ठरवून दिलेले मुलांच्या खर्चाचे पैसे तुम्ही थकवले आहेत. ते भरा, निदान हप्ते तरी बांधून घ्या. दोन्हींतलं काहीच केलं नाहीत, तर तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स जाईल. तुमच्या धंद्याला सरकारी परवाना लागत असेल, तर तोही जाईल.

मेन कसं आहे हे ठाऊक असेल तर या पत्राची जरब कळते. देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाला खेटून असलेला हा जंगलाचा आणि खडकाळ किनाऱ्याचा मुलूख. लाकूडतोड, कागदाच्या गिरण्या, लॉबस्टरची मासेमारी. वस्ती विरळ, गावं लांब लांब, आणि आपल्या एस.टी.सारखी गावोगाव फिरणारी बस नाही. गाडी बंद म्हणजे कामावर जाणं बंद, बाजारहाट बंद, मुलांना भेटायला जाणंही बंद. लॉबस्टर धरायचा तर परवाना, नळजोडणीचं काम करायचं तर परवाना, लोकांचे केस कापायचे तरी परवाना. तिथल्या माणसाचं लायसन्स काढून घेणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं.

तो पाय फारसा द्यावा लागला नाही. नुसत्या पत्रावरच भागलं. वर्षानुवर्षं खिसे उलटे करून दाखवणारे लोक चेकबुक काढून बसले. लाखोंनी डॉलर जमा झाले, आणि प्रत्यक्षात रद्द झालेली लायसन्सं काही डझनांच्या पुढे गेली नाहीत. टपालखर्चात वसुली! कुठल्याही सरकारला मोह पडावा असाच हा उपाय होता. वॉशिंग्टनला तो पडला, आणि तीन वर्षांत लायसन्सवरची टाच पन्नासही राज्यांना सक्तीची झाली. मेनमध्ये लागू पडलेलं औषध देशभर पाजल्यावर मात्र त्याचा गुण बदलला. तो का बदलला, हे समजून घ्यायचं तर आधी वीस वर्षं मागे जायला हवं.

अमेरिकेत बायकोची पोटगी वेगळी आणि मुलांच्या खर्चाचा वाटा, म्हणजे चाइल्ड सपोर्ट, वेगळा. मूल ज्या पालकाकडे राहत नाही त्याने, म्हणजे बहुतेक वेळा बापाने, मूल साधारण अठरा वर्षांचं होईपर्यंत ठरलेली रक्कम द्यायची. आईबापांचं लग्न झालेलं होतं की नव्हतं, याला महत्त्व नाही. हा व्यवहार पूर्वी घरगुती मानला जाई. नवऱ्याने पैसे बुडवले तर बायकोने वकील गाठावा, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात. नवरा दुसऱ्या राज्यात निघून गेला की विषय संपला.

तो संपू द्यायचा नाही, असं ज्याने मनावर घेतलं तो माणूस म्हणजे लुइझियानाचा सिनेटर रसेल लाँग. ह्यूई लाँग या वादळी पुढाऱ्याचा हा मुलगा, आणि सिनेटच्या अर्थसमितीचा दीर्घकाळ अध्यक्ष. त्याची कळकळ आयांसाठी कमी आणि तिजोरीसाठी जास्त होती. १९३५ साली निराधार मुलांसाठी सरकारी मदत सुरू झाली तेव्हा डोळ्यांसमोर विधवा होत्या. सत्तरच्या दशकापर्यंत यादी बदलली होती. मुलांचे बाप जिवंत होते, फक्त घरात नव्हते. बापाने पळ काढायचा आणि करदात्याने त्याची मुलं पोसायची, हे लाँगला खपेना. त्याच्या रेट्याने कायदा झाला आणि ४ जानेवारी १९७५ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली. सही करतानाच त्यांनी कुरकूरही केली. केंद्र सरकार लोकांच्या घरगुती मामल्यात गरजेपेक्षा जास्त शिरतं आहे, असा तिचा सूर होता.

या कायद्याने प्रत्येक राज्यात चाइल्ड सपोर्ट वसूल करणारं खातं उभं राहिलं, आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्राने उचलला. त्यात एक अट घातलेली होती. सरकारी मदत घेणाऱ्या आईने चाइल्ड सपोर्टवरचा आपला हक्क राज्याच्या नावे करून द्यायचा. बापाकडून वसूल झालेला पैसा आधी सरकारी मदतीच्या परतफेडीत वळता व्हायचा. म्हणजे सर्वांत गरीब घरांपुरतं बोलायचं तर हे खातं मुलांसाठी पैसे गोळा करत नव्हतं, सरकारचं येणं वसूल करत होतं. १९८४ साली त्यातले महिन्याला पहिले ५० डॉलर आईच्या हातात पडू लागले. १९९६ साली तेवढ्यावरचं केंद्राचं बंधनही उठलं आणि बहुतेक राज्यांनी ती रक्कम देणं थांबवलं.

मदत न घेणाऱ्या आयांची कहाणी वेगळी होती, आणि ऐंशीच्या दशकात ती ऐकू येऊ लागली. ओहायोतल्या टोलीडो शहरात जेराल्डीन जेन्सन नावाची दोन मुलांची घटस्फोटित आई सरकारी खिडक्यांवर हेलपाटे घालून थकली होती. १९८४ साली तिने स्वतःसारख्याच बायकांना गाठून संघटना काढली, आणि पाहता पाहता तिच्या शाखा देशभर पसरल्या. या बायकांचं म्हणणं अगदी रोखठोक होतं. गाडीचा हप्ता चुकला तर बँक गाडी ओढून नेते, कर चुकला तर सरकार घरावर जप्ती आणतं, मग लेकराचा हप्ता चुकवला तर कुणीच का काही करत नाही? जनगणना खात्याचे आकडेही त्यांच्या बाजूने होते. कोर्टाचा हुकूम हातात असलेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्यांना पूर्ण रक्कम मिळत होती. पाव हिश्शाला थोडीफार, आणि उरलेल्या पाव हिश्शाला दमडीही नाही.

त्याच सुमारास एका आकड्याने वादळ उठवलं. समाजशास्त्रज्ञ लिनोर वाइट्झमन यांनी १९८५च्या पुस्तकात लिहिलं की घटस्फोटानंतरच्या वर्षात बायका-मुलांचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषाचं ४२ टक्क्यांनी वाढतं. हा आकडा भाषणांत गेला, अग्रलेखांत गेला, न्यायनिवाड्यांतही गेला. अकरा वर्षांनी रिचर्ड पीटरसन या अभ्यासकाने वाइट्झमन यांचीच माहिती पुन्हा मांडून पाहिली, तेव्हा घसरण निघाली २७ टक्के आणि वाढ १० टक्के. घसरण खरी होती आणि अन्यायही खराच होता. पण कायदे तोवर ७३ टक्क्यांच्या संतापात लिहून झाले होते.

कायद्यांची रांगच लागली. १९८१ साली थकबाकीदाराचा आयकराचा परतावा मधल्यामध्ये वळवण्याची सोय झाली. १९८४ साली पगारातून कापून घेण्याचा कायदा दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता पास झाला. १९८८ साली सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्या कायद्याने चाइल्ड सपोर्ट किती असावा, याचं कोष्टक जवळजवळ बंधनकारक केलं. आणि या सगळ्याच्या मध्ये, १९८६ साली, एक छोटी दुरुस्ती झाली. तिची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही, पण पुढच्या गोष्टीत तीच सर्वांत जास्त बोचते.

ती आणली न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली यांनी. पूर्वी ते न्यूयॉर्क निक्सकडून बास्केटबॉल खेळत. त्यांची तक्रार रास्त होती. बाप चार-पाच वर्षं पैसे थकवायचा, मग कोर्टात येऊन गयावया करायचा, आणि न्यायाधीश उदार होऊन जुनी बाकी माफ करून टाकायचे. आईने काढलेली उधारी मात्र कुणी माफ करत नसे. ब्रॅडली दुरुस्तीने हा दरवाजा बंद केला. हप्ता ज्या दिवशी देय होतो त्याच दिवशी तो कोर्टाचा निकाल लागल्यासारखा पक्का होतो, आणि मागच्या तारखेने तो कमी करण्याचा अधिकार कुठल्याही न्यायाधीशाला उरत नाही. नोकरी गेली? आजारी पडलात? तर त्याच वेळी कोर्टात अर्ज करा. अर्जाआधीचा प्रत्येक महिना दगडावरची रेघ. वकील असलेला माणूस असा अर्ज करतो. गोदामात हमाली करणाऱ्याला असा अर्ज असतो हेच ठाऊक नसतं, आणि तो तुरुंगात असला तर आणखीच नाही. कित्येक राज्यांत तर कैदेत असणं हे 'आपण होऊन बेकार राहणं' मानलं जाई. म्हणजे अर्ज केला तरी फेटाळला जायचा, आणि माणूस गजांआड असताना बाहेर त्याची बाकी वाढत राहायची.

पगारकपातीने नोकरदार बाप कचाट्यात आले. पण ज्याला पगारच नाही, त्याचं काय? घरं बांधणारा ठेकेदार, स्वतःचा ट्रक असलेला ड्रायव्हर, स्वतःच्या नावाची पाटी लावून बसलेला वकील, दंतवैद्य. उत्पन्न किती हे त्याचं त्यालाच माहीत, आणि कागदावर तो कायम तोट्यात. त्यात राज्य ओलांडून गेलेल्यांची भर. दहा प्रकरणांतली तीन आंतरराज्यीय असत, पण वसुलीच्या दहा डॉलरांतला एकच डॉलर त्यांच्यातून येई. १९८८च्या कायद्याने या प्रश्नासाठी एक आयोग नेमला. १९९२च्या अहवालात आयोगाने सुचवलेल्या उपायांत परवाने अडवण्याचा उपाय होता. तर्क साधा आणि चांगला होता. या लोकांचं उत्पन्न लपलेलं असतं, पण परवाना लपवता येत नाही. डॉक्टरकी, वकिली, ठेकेदारी चालू ठेवायची तर दर काही वर्षांनी सरकारच्या दारात यावंच लागतं. त्या दारात गाठा. कॅलिफोर्नियाने १९९२ सालीच व्यवसायांच्या परवान्यांपासून सुरुवात केली होती. मेनने त्यात ड्रायव्हिंग लायसन्स घातलं.

त्या दिवसांतलं वातावरणही ध्यानात घ्यायला हवं. पैसे बुडवणाऱ्या बापाला 'डेडबीट डॅड' म्हणत, आणि त्याला शिव्या घालण्यात डावे-उजवे एक होते. उजव्यांना करदात्याचा पैसा वाचवायचा होता, डाव्यांना आईला न्याय द्यायचा होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या १९९२च्या अधिवेशनातल्या भाषणात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन यांनी अशा बापांना थेट बजावलं होतं की जबाबदारी घ्या, नाहीतर आम्ही घ्यायला लावू. मॅसॅच्युसेट्सने दरोडेखोरांचे लावतात तसे 'हवे आहेत' असे फोटोचे फलक लावले. व्हर्जिनियात थकबाकीदाराच्या गाडीच्या चाकाला कुलूप ठोकत, आणि त्या कुलपाचा रंग मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळा. ओहायोच्या बटलर काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, २००७ साली कमालच केली: फरारी बापांचे फोटो पिझ्झाच्या खोक्यांवर चिकटवले. लपून बसलेला माणूस हॉटेलात जात नाही, पिझ्झा घरी मागवतो, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा हिशेब! पिझ्झा खाणाऱ्या मुलाला झाकणावर आपलाच बाप दिसला तर काय, याचा विचार कुणी केला होता की नाही, कोण जाणे.

१९९५च्या वसंतात प्रश्न काँग्रेसमध्ये आला. रिपब्लिकन बहुमताने सरकारी मदतीची व्यवस्था मोडून काढणारं विधेयक आणलं होतं, पण परवान्यांचं कलम त्यातून गाळलं होतं. राज्यांवर केंद्राने जबरदस्ती का करावी, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्याच पक्षाच्या, न्यू जर्सीच्या मार्ज रूकेमा अडून बसल्या. परवाने अडवण्याचा उपाय सुचवणाऱ्या आयोगाच्या त्या सदस्य होत्या, मेनचे आकडे त्यांना पाठ होते. क्लिंटन सरकारनेही हिशेब मांडला होता की देशभर हे केलं तर दहा वर्षांत अडीच अब्ज डॉलरपर्यंत जादा वसुली होईल. रूकेमा यांची दुरुस्ती मतदानाला आली तेव्हा विरोधातली मतं एका हाताच्या बोटांवर मोजता येण्याजोगी होती. डेडबीट बापाच्या बाजूने मत दिल्याचं मतदारसंघात जाऊन कोण सांगणार?

मूळ विधेयकावर मात्र रणकंदन झालं. क्लिंटन यांनी दोनदा नकाराधिकार वापरला आणि तिसऱ्यांदा, २२ ऑगस्ट १९९६ला, सही केली. साठ वर्षांची मदतयोजना संपली. मॉयनिहन यांनी विधेयकाला कडाडून विरोध केला होता. आरोग्य खात्यातले वरिष्ठ अधिकारी पीटर एडलमन निषेध म्हणून नोकरी सोडून गेले. या धुमाळीत चाइल्ड सपोर्टच्या प्रकरणाकडे फार कुणी पाहिलं नाही, कारण त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यातलं परवान्याचं कलम असं सांगतं: प्रत्येक राज्याकडे थकबाकीदाराचं ड्रायव्हिंग लायसन्स, व्यवसायाचे परवाने आणि करमणुकीचे, म्हणजे शिकारीचे, मासेमारीचे परवाने अडवण्याचा, स्थगित करण्याचा किंवा मर्यादित करण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि योग्य प्रकरणांत तो वापरला पाहिजे. न केल्यास केंद्राचा पैसा धोक्यात. 'योग्य प्रकरण' कोणतं, हे कलमाने सांगितलं नाही. ते राज्यांवर सोडलं. सोबत पासपोर्टही आला: बाकी ५,००० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाही. पुढे ही मर्यादा २,५०० वर आणली.

पुढच्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. परवान्यांची यादी थकबाकीदारांच्या यादीशी ताडून पाहायची तर दोन्हीकडे एकच ओळख क्रमांक हवा. म्हणून ड्रायव्हिंगच्या आणि करमणुकीच्या परवान्यांच्या अर्जावरही सोशल सिक्युरिटी क्रमांक घेणं राज्यांना बंधनकारक झालं. रविवारी तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्यालाही मग फिशिंग लायसन्ससाठी आपला क्रमांक लिहून द्यावा लागू लागला. लग्नाच्या परवान्याच्या अर्जावर तर तो १९९६च्या कायद्यानेच आला होता.

लायसन्स असं काढून घेता येतं का, हा प्रश्न कोर्टात जाणारच होता. त्याची पायवाट जुनी होती. जॉर्जियातला एक पाद्री खेड्यापाड्यांतल्या तीन वस्त्यांमध्ये धर्मोपदेशाला गाडीने फिरत असे. १९६८ साली एक पाच वर्षांची मुलगी सायकलवरून येऊन त्याच्या गाडीच्या कुशीवर आदळली. पाद्र्याचा विमा नव्हता. राज्याने त्याचं लायसन्स स्थगित केलं, आणि चूक कुणाची हे ऐकूनच घेतलं नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे कान उपटले. लायसन्स एकदा दिलं की ते माणसाच्या रोजीरोटीचा भाग होऊ शकतं. म्हणणं ऐकल्याशिवाय ते काढता येत नाही, असा निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला. चाइल्ड सपोर्टच्या प्रकरणांत कोर्टांनी या पायवाटेवरूनच चालत परवान्यांचे कायदे उचलून धरले. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कायदा वैध ठरवला, पण तो अशा अर्थाने वाचला की ऐपत नसलेल्या बापाचं लायसन्स घेता येणार नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं वाचन हेच.

पण कोर्ट एका प्रकरणाकडे पाहतं, खातं लाखोंच्या यादीकडे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्यांनी मोठमोठ्या संगणकप्रणाली उभारल्या. थकबाकीची रक्कम किंवा महिने ठरावीक आकड्याच्या वर गेले की नाव आपोआप बाजूला निघतं, नोटीस छापली जाते, मुदत संपते, मोटार वाहन खात्याला कळवलं जातं. नोटीस अनेकदा जुन्या पत्त्यावर जाते, कारण गरीब माणूस भाड्याच्या खोल्या बदलत राहतो. ट्रॅफिक पोलिसाने अडवल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की आपलं लायसन्सच राहिलेलं नाही. आता लायसन्सशिवाय गाडी चालवल्याचा गुन्हा, त्याचा दंड, आणि लायसन्स परत मिळवण्याची फी. मेनच्या धमकीमागे हप्ते बांधून घेण्याची वाटाघाट होती. इथे वाटाघाटीच्या खिडकीपर्यंत पोहोचायलाच गाडी लागते.

आणि यादीत होतं कोण? अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेच्या एलेन सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली नऊ मोठ्या राज्यांचा हिशेब मांडला. थकबाकीचा ७० टक्के हिस्सा अशा लोकांच्या नावावर होता, ज्यांचं नोंदलेलं उत्पन्न वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी, कित्येकांचं तर शून्य. देशातली एकूण बाकी तेव्हा १०० अब्जांच्या वर गेली होती, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास मुलांची नव्हे, तर सरकारची देणी होती. इतकी बाकी चढली कशी? बाप कोर्टात हजर नसताना हुकूम झालेले. उत्पन्न माहीत नाही म्हणून 'पूर्णवेळ काम करतो' असं धरून आकारलेले हप्ते. काही राज्यांत बाळंतपणाचा सरकारी खर्चही बापाच्या डोक्यावर. त्यावर व्याज, कॅलिफोर्नियात दरसाल १० टक्के. आणि वर ब्रॅडली दुरुस्ती, म्हणजे यातलं काही चुकलं असलं तरी मागे जाऊन सुधारता येणार नाही. लपवलेल्या पैशावर धाड घालण्यासाठी घडवलेलं हत्यार, जिथे लपवायला काही नव्हतंच तिथे चालत होतं.

लायसन्स गेल्यावर माणसाचं काय होतं, याचा एक अभ्यास न्यू जर्सीत झाला. त्यात सर्व कारणांनी लायसन्स गमावलेले लोक होते, चाइल्ड सपोर्टवालेही त्यांतच. ४२ टक्के लोकांची नोकरी गेली, आणि त्यातल्या ४५ टक्क्यांना दुसरी मिळाली नाही. पैसे वसूल करण्यासाठी कमाईचं साधन काढून घ्यायचं, या विचारातली विसंगती दाखवायला खरं म्हणजे अभ्यासाचीही गरज नव्हती.

ऐपतीचा जो प्रश्न खातं विचारत नव्हतं, तो कोर्टही कधीकधी विचारत नसे. दक्षिण कॅरोलायनातल्या एका बापाला आठवड्याला ५१ डॉलर ७३ सेंट द्यायचे होते. तो वारंवार चुकला, वारंवार आत गेला. जानेवारी २००८मध्ये ५,७०० डॉलरांहून थोड्या जास्त बाकीसाठी पुन्हा न्यायाधीशापुढे उभा राहिला. वकील नव्हता. त्याने सांगितलं की व्यसन होतं, ते सोडलं, मग पाठीचं हाड मोडलं, अपंगांच्या मदतीसाठी अर्ज केला आहे. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि बारा महिन्यांची कैद सुनावली. हुकुमाच्या छापील फॉर्मवर एक ओळ होती: या इसमाची पैसे भरण्याची ऐपत आहे किंवा नाही, यांपैकी एकावर खूण करा. त्या ओळीवर कसलीच खूण नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०११ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. अशा प्रत्येक बापाला सरकारने वकील द्यायलाच हवा असं नाही, पण ऐपतीचा प्रश्न विचारला गेला पाहिजे, त्यावर त्याला बोलू दिलं पाहिजे आणि न्यायाधीशाने उत्तर नोंदवलं पाहिजे. न्यायमूर्ती ब्रायर यांच्या निकालात त्या कोऱ्या ओळीचा मुद्दाम उल्लेख आहे.

चार वर्षांनी त्याच राज्यात, नॉर्थ चार्ल्सटनला, वॉल्टर स्कॉट या कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने मागचा दिवा बंद होता म्हणून अडवली. स्कॉट गाडीतून उतरून पळाला आणि पोलिसाने त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या. चाइल्ड सपोर्टच्या बाकीपायी पुन्हा अटक होईल या भीतीने तो पळाला असावा, असं घरच्यांचं म्हणणं होतं. या प्रसंगाच्या देशभर गाजलेल्या चित्रफितीने चाइल्ड सपोर्टच्या कर्जाची चर्चा अभ्यासकांच्या खोल्यांतून टीव्हीच्या पडद्यावर आणली.

बदल सावकाश आले. २० डिसेंबर २०१६ला, ओबामा सरकार जाता जाता, केंद्राने नवे नियम काढले: हप्ता खऱ्या उत्पन्नावर ठरवा, तुरुंगवासाला 'आपण होऊन बेकार राहणं' म्हणू नका. विकी टुरेट्स्की त्या वेळी केंद्रीय खात्याच्या प्रमुख होत्या. न मिळणाऱ्या पैशांच्या मागे लागून मुलाचा बापही हातचा जातो, हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. २०१७ साली कोलोरॅडोने मदत घेणाऱ्या घरांनाही चालू महिन्याचा पूर्ण हप्ता द्यायला सुरुवात केली. सरकारने हात मध्ये न घालणारं ते पहिलं राज्य.

पासपोर्टवरच्या बंदीबद्दल मात्र फारशी ओरड ऐकू येत नाही, आणि याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. परदेशी जायचं तर तिकिटाचे पैसे लागतात. म्हणजे पासपोर्टच्या खिडकीवर अडणारा माणूस बहुधा ऐपतवालाच असतो, आणि अडला की बाकी भरून मोकळा होतो. ही चाळण आपोआप लागते. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र तळघरात राहणाऱ्यालाही हवं असतं आणि बंगल्यात राहणाऱ्यालाही. ते हत्यार हाती घेणाऱ्याला चाळण स्वतः लावावी लागते. जेन्सन यांच्यासारख्या आयांना छळणारा, स्वतःची मोटरबोट बाळगणारा आणि कागदावर कफल्लक असलेला बाप काही कल्पनेतला नव्हता. त्याच्यासाठी ही धमकी आजही तितकीच योग्य आहे, आणि ती काढून टाका म्हणणाऱ्या सुधारकांनी त्या आयांना उत्तर द्यायला हवं.

परवान्यांची सुरुवात करणाऱ्या कॅलिफोर्नियाने अखेर चाळण कायद्यात लिहिली. २०२२ साली केलेली ती दुरुस्ती १ जानेवारी २०२५पासून अमलात आली. घरचं उत्पन्न काउंटीच्या मधल्या उत्पन्नाच्या ७० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर चाइल्ड सपोर्टच्या बाकीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स स्थगित करता येत नाही. मधलं उत्पन्न अर्थातच प्रत्येक काउंटीचं निराळं. सॅन फ्रान्सिस्कोत ज्या कमाईवर माणूस गरिबात मोजला जाऊन सुटतो, तेवढीच कमाई एखाद्या शेतीप्रधान काउंटीत असणाऱ्याचं लायसन्स अजूनही जाऊ शकतं.